शिडीवरच्या कोंबड्या

माझी जीभ तिखट आहे हे मला कुणी सांगायला नको. बारशाच्या दिवशी बाळाच्या जिभेवर एक थेंब पाण्याचा आणि एक थेंब दारूचा ठेवतात, खऱ्याला खरं आणि खोट्याला खोटं म्हणायला शिकावं म्हणून. माझ्या वेळी ज्या म्हाताऱ्यानं हे काम केलं त्याचा हात कापत होता. थेंब कसला, चांगला घोटच गेला, असं आई सांगायची. त्या जिभेच्या जोरावर मी आयुष्यात बरीच भांडणं जिंकली आणि एक आत्या घालवली. ती परत कशी मिळाली तेवढं सांगते.

आमचं घर न्तोन्सो गावात. इथे दर तिसऱ्या अंगणात कापड ताणलेलं असतं आणि त्यावर वाकून कुणीतरी ठसे मारत असतं. आमच्या अंगणातला वाकलेला माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ अडोमाको. भोपळ्याच्या कवचाचे ठसे कोरावेत ते त्यानंच. वाळलेल्या भोपळ्याचा तळव्याएवढा तुकडा घ्यायचा, कोळशानं खूण काढायची, पातळ सुरीनं नको तेवढं काढून टाकायचं, मागे ताडाच्या चार काड्या खोचून त्यांची टोकं चिंधीनं एकत्र बांधली की झाली मूठ. ऐकायला सोपं आहे. करायला बसलात तर पहिल्याच दिवशी अंगठा कापून घ्याल. रंगाचं काम माझं. झाडाची साल भिजवा, उखळात कुटा, दिवसभर उकळा, गाळा, पुन्हा उकळा, काकवीइतका दाट होईपर्यंत उकळतच राहा. तीस वर्षं त्या धुरात काढली, म्हणून माझे डोळे कायम लाल. लोकांना वाटतं ही सदा चिडलेली असते. बऱ्याचदा असतेही.

आमचे वडीलही ठसे कोरायचे, आणि कोनादू आत्या ही त्यांची थोरली बहीण. वीसेक किलोमीटरवर जामासीला तिचं घर. लहानपणी मी तिच्याकडे महिना महिना राहायचे. शेतातून येताना ती भाजलेली केळी कापडाच्या टोकाला गाठ मारून आणायची आणि गाठ सोडायच्या आधी विचारायची, "आज कुणाशी भांडलीस?" मी सगळं सांगायचे. ती कधी रागावली नाही. उलट म्हणायची, "एवढंच बोललीस? मी असते तर आणखी दोन सुनावले असते."

आमच्यात कूळ आईकडून चालतं. बाप कितीही जीव लावो, तो दुसऱ्या कुळाचा, आणि त्याच्यामागे त्याची चीजवस्तू जाते त्याच्या भाच्याकडे. वडील गेल्यावर त्यांची ठशांची पेटी रीतीप्रमाणे आत्याच्या मुलाकडे, बादूकडे गेली. बादू कोकोच्या वखारीत कारकून. त्याला ठसा उलटा धरला की सुलटा हेही कळत नव्हतं. दादानं मात्र वडिलांच्या शेजारी बसून वीस वर्षं कोरलं होतं. वर्षाच्या विधीला आत्या पेटी न्यायला आली, तेव्हा मी दोन्ही कुळांच्या देखत उभी राहिले आणि म्हणाले,

"ने, आत्या, ने. पण एक ध्यानात ठेव. तू मेलीस तरी तुझ्या कापडावर आमच्या अंगणातला ठसा उठणार नाही."

जित्या माणसाला असं बोलायचं नसतं, तेही ठसेवाल्याच्या घरातल्या बाईनं. आत्यानं पेटी डोक्यावर घेतली आणि लॉरीच्या थांब्याकडे चालू लागली.

गंमत म्हणजे दादाला त्या पेटीचं काहीच नव्हतं. "भोपळ्याचे ठसे ते," तो म्हणाला, "चार-पाच वर्षांत झिजतात, नाहीतर किडे खातात. नमुने माझ्या डोक्यात आहेत. डोकं कुणी नेलंय का?" सहा महिन्यांत त्यानं सगळे नमुने नव्यानं कोरले. म्हणजे राग काय तो माझाच उरला. आधी रागानं मी जामासीला गेले नाही, मग लाजेनं. बघता बघता अकरा वर्षं झाली. माझी आईही मधल्या काळात गेली, आणि ज्याच्यापाशी चूक कबूल करावी असं कुणी मोठं माणूस मला उरलं नाही.

अशात एका सोमवारी जामासीच्या लॉरीवाल्यानं आमच्या दाराशी गाठोडं टाकलं. आत कोरं पांढरं कापड.

"कोनादूबाईंच्या घरून," तो म्हणाला. "येत्या रविवारी लागणार आहे. शनिवारी पोचतं करा. काय छापायचं ते तुम्हाला ठाऊक आहे म्हणाले." आणि कोंबड्यांच्या टोपल्या भरायच्या होत्या म्हणून गेलासुद्धा निघून.

मी तिथेच उखळावर बसले. काळं किंवा लाल कापड आलं असतं तर वेगळं. अवेळी गेलेल्यांसाठी ते. पण नव्वदीला टेकलेलं माणूस, भरल्या घरातून, पिकून गेलं की आम्ही पांढरं घालतो, कारण ते जाणं दुःखाचं नसतं, मानाचं असतं. सोमवारी कापड येतं, शनिवारी लोक लाल-काळ्यात रडायला जमतात, रविवारी पांढरं नेसून चर्चमध्ये आभार मानतात. तीस वर्षांत अशी शंभर गाठोडी मी सोडली असतील. त्यात ईस्टरच्या सुमाराला कुणीतरी बोललं होतं की कोनादूबाई अंथरुणाला खिळली आहे.

"आत्या गेली," मी म्हणाले.

दादानं कापड चाचपून पाहिलं. "त्यानं तसं सांगितलं नाही."

"सांगायला काय उरलंय? पांढरं कापड, शनिवारी पोचवा, काय छापायचं ते ठाऊक आहे. अजून काय, ढोल वाजवून सांगायचं?"

"उद्या जाऊन विचारून येतो."

"काय विचारशील? दारात उभं राहून, 'काय हो, आमची आत्या मेली का?' अकरा वर्षांत पाऊल ठेवलं नाही आणि पहिला शब्द हा? शिवाय आपल्याला कळवणार कोण? आपण पडलो भावाची पोरं, दुसऱ्या कुळाची. त्यांनी कापड पाठवलं हाच निरोप."

दादा माझ्याशी वाद घालत नाही. तो म्हणतो की माझ्याशी वाद घालण्यापेक्षा भोपळा कोरलेला बरा, भोपळा निदान गप्प बसतो. त्यानं सुरी घासायला घेतली.

त्या आठवड्यात मी जशी साल कुटली तशी आधी कधी कुटली नव्हती. रंग तीनदा उकळला. रडत होते, पण धुरामुळे कुणाला कळलं नाही. तू मेलीस तरी आमचा ठसा उठणार नाही, असं मी म्हणाले होते, आणि तरी तिच्या माणसांनी कापड आमच्याकडेच पाठवलं होतं. म्हणजे जाताना ती तसं सांगून गेली असणार. हा विचार आला की मुसळ हातातून निसटायचं.

दादानं कापड अंगणात पसरून खुंट्यांना ताणलं, लाकडी फणी रंगात बुडवून रेघा ओढल्या, चौकटी पाडल्या. मग विचारलं, "कुठले ठसे?"

"शिडी," मी म्हणाले. शिडी म्हणजे मरणाची. तिच्यावर एक ना एक दिवस सगळ्यांनाच चढायचं असतं, आणि मयताच्या कापडावर ती असतेच.

"शिडी असेलच. दुसरं काय?"

"एकाआड एक चौकटीत शिडी. मधल्या चौकटींत तारा."

"एवढ्या शिड्या?" दादा माझ्याकडे बघत राहिला. "अफिया, एका बाईला एक शिडी पुरते."

"नव्वद वर्षांची बाई आहे. गुडघे धरलेले असतील. चढायला सोपं जाऊ दे."

त्यानं नवा शिडीचा ठसा कोरला, कारण जुन्याला चीर गेली होती. सबंध दोन दिवस ठप, ठप, ठप. मी शेजारी रंगाचा वाडगा धरून बसले. काम इतकं देखणं उतरलं की शेजारपाजारचे छापणारे येऊन बघून गेले. सगळ्या शिड्या सरळ, कडा धारदार, एक थेंब ओघळलेला नाही. मला वाटलं, निदान हे तरी तिच्यासाठी नीट झालं.

शनिवारी मी गडद लाल नेसले, दादानं काळं गुंडाळलं, कापड डोक्यावर घेतलं आणि लॉरी पकडली. घडीत एखादा ठसा पुसट झाला तर दुरुस्त करायला म्हणून रंगाची एक बाटली बरोबर घेतली होती. वाटेत आणखी एका मयताला निघालेली मंडळी भेटली. त्यांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, आत्या. त्यांनी हळहळून मला बसायला खिडकीजवळची जागा दिली. ती मी घेतली, हे आता सांगताना कसंसंच होतं.

आमच्यात बाई मयताच्या घरी गपचूप शिरत नाही. दारापासूनच गळा काढायचा, दोन्ही हात डोक्यावर, आणि गेलेल्या माणसाशी बोलत बोलत आत जायचं. जे पोटात आहे ते सगळं. लोक त्यावरून जोखतात, कुणाचं किती प्रेम होतं. मी चपला दाराबाहेर काढल्या, डोळे मिटले आणि सुरू केलं.

"आत्या गं! मला न सांगता निघालीस! एक दिवस थांबली असतीस तर मी धावत आले असते! तुझी भाजलेली केळी खाऊन ही जीभ वाढली आणि तुझ्यावरच उलटली! झडली का नाही गं ती! पेटी तू रीतीनं नेलीस, मला माहीत होती रीत, तरी बोलले! चारचौघांत बोलले! अकरा वर्षं रोज वाटायचं जावं, आणि रोज उद्यावर टाकलं! आता कुणाला सांगू गं, आज कुणाशी भांडले ते! वर गेलीस की बाबांना सांग, अफियाची चूक झाली, तिचं तोंड बघू नका म्हणावं! मला काही देऊ नकोस, काही पाठवू नकोस, फक्त एकदा वळून बघ गं, आत्या!"

मधे दादा माझं कापड ओढत होता. मला वाटलं, सावरायला ओढतोय. मी त्याचा हात झटकला आणि आणखी वरच्या पट्टीत गेले. गुडघ्यावर बसले, जमिनीवर हात आपटले. कितीतरी वेळ माझ्या आवाजाशिवाय दुसरा आवाजच नव्हता. हेच मला खटकलं. मयताच्या घरात बाकीच्या बायका साथ देतात.

मी डोळे उघडले.

स्वयंपाकघराच्या सावलीत, बसक्या स्टुलावर, मांडीवर सूप घेऊन कोनादू आत्या शेंगदाणे सोलत होती. वाळली होती, केस कापसासारखे झाले होते, पण बोटं भराभर चालली होती. शेजारी तिच्या दोन नाती तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या.

"झालं?" आत्या म्हणाली. "मधेच तोडावंसं वाटेना. छान चाललं होतं."

मी वळून दादाकडे पाहिलं.

"कोण गेलं पण?" तिनं विचारलं. "माझ्यासारखीच दुसरी कुणी कोनादू आहे का? वाईट वाटलं हो ऐकून. चांगली बाई दिसते."

मी रांगत गेले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय उबदार होते. मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. शेंगदाणे सगळीकडे सांडले आणि कोंबड्या धावल्या.

"उठ गं," आत्या म्हणाली. "कोंबड्या माझी रात्रीची आमटी खातायत."

मग हळूहळू उलगडा झाला. ईस्टरला ती आजारी पडली होती ते खरं. सगळ्यांनी आशा सोडली होती. पण पंधरा दिवसांनी उठून बसली आणि कुटलेल्या कंदाचा फुफू खायला मागितला. चर्चच्या जुन्या वहीवरून पाद्र्यानं तिला नव्वदावं लागल्याचं काढलं, आणि घरच्यांनी ठरवलं की रविवारी देवाचे आभार मानायचे, जेवण घालायचं. आनंदाच्या दिवसालाही आम्ही पांढरंच घालतो. शनिवारी पोचवा आणि काय छापायचं ते ठाऊक आहे, हेही खरंच होतं. आनंदाच्या कापडावर काय छापतात ते न्तोन्सोतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी सोडून.

"पण आमच्याकडेच का पाठवलंस?" दादानं विचारलं. तो अजून काळ्या कापडात अंग चोरून उभा होता.

"हिनं काय म्हटलं होतं? मी मेले तरी ठसा उठणार नाही. मी म्हटलं, मग जिवंतपणीच पाठवून बघू." तिनं हात पुढे केला. "आण ते कापड. बघू तरी."

आनंदाच्या भरात मी कापड विसरलेच होते. म्हातारी जिवंत होती, पण तिचं मरण मी माझ्या हातानं उकळून, दादाकडून बारा हातांच्या कापडावर छापून आणलं होतं. जित्या माणसाला शिडीचं कापड देणं हा साधा अपमान नाही, तो शाप समजतात.

"नको आत्या," मी गाठोडं मागे सरकवलं. "वाटेत खराब झालं. आम्ही दुसरं देतो."

"उद्या सकाळी? झोपेत छापणार?"

तेवढ्यात बादू बाहेर आला. केस पिकले होते, कारकुनाचा चष्मा तोच. त्यानं आमची लाल-काळी कापडं पाहिली, माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि सरळ उलगडलं.

एकाआड एक, वरपासून खालपर्यंत, शिड्याच शिड्या. आमचं सगळ्यात देखणं काम.

"हे काय आहे?" बादूचा आवाज बारीक झाला. "माझ्या आईच्या दिवसाला हे आणलंत? अकरा वर्षांपूर्वी बोललात ते पुरलं नाही? मेंढा लागेल याला. मोठा मेंढा, आणि दोन्ही कुळांच्या वडीलधाऱ्यांना बोलावून माफी."

"लागेल," मी म्हणाले. "तू म्हणशील ते लागेल." मला खरोखरच तसं वाटत होतं. मेंढ्याचं मला काही नव्हतं. आत्ताच मिळालेली आत्या पुन्हा त्याच जागी, माझ्याच हातानं गेली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आत्यानं कापड मांडीवर ओढून घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, मग बोटानं मोजायला लागली. "एक, दोन, तीन... नऊ... अगं बाई. एवढ्या शिड्या? मी काय जिना कोसळलेल्या माडीवर राहते?"

"अफिया म्हणाली," दादा खाली बघत म्हणाला, "गुडघे धरलेले असतील, चढायला सोपं जावं."

मी त्याला तिथेच उखळात घातला असता. आत्या माझ्याकडे बघत होती. तिचा खालचा ओठ हलायला लागला, आणि मला वाटलं, आता रडते. ती हसत होती. सगळं अंग हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"गुडघे धरलेतच," ती म्हणाली. "बरोबर आहे तिचं."

"आई, हसण्यासारखं नाही हे," बादू म्हणाला. "उद्या अख्खं गाव चर्चमध्ये असेल. काय नेसणार आहेस?"

आत्या समोर बघत होती. ऊन कलत आलं होतं, आणि स्वयंपाकघराच्या माळ्याला टेकवलेल्या बांबूच्या शिडीवरून तिच्या कोंबड्या एकेक करून झोपायला वर चढत होत्या. एक चढायची, मधल्या पायरीवर थांबून पंख झटकायची, मागून येणारी तिला टोचायची.

"अडोमाको," आत्या म्हणाली, "कोंबडीचा पाय कोरता येतो ना तुला?"

कोंबडीचा पाय हा जुनाच ठसा. आईच्या मायेसाठी छापतात.

"येतो की."

"मग या शिड्यांवर माझ्या कोंबड्या चढव. प्रत्येक शिडीवर. बघू मग कोण म्हणतो ही कसली शिडी आहे."

दादानं मान वर केली. त्याचा चेहरा असा उजळला की मला वडील आठवले. "ठसा आणलेला नाही," तो स्वतःशीच बोलायला लागला, "कोरावा लागेल. लहान. काळ्यावर काळं दिसायचं नाही, तेव्हा नखं पायऱ्यांच्या मधल्या जागेत आली पाहिजेत, आणि एक बोट दांड्याच्या बाहेर... भोपळा आहे का, आत्या?"

आत्यानं नातीकडून पाणी प्यायचा भोपळ्याचा वाडगा मागवला आणि स्टुलाच्या काठावर आपटून फोडला. "घे."

"आई, लोक काय म्हणतील?" बादू रडकुंडीला आला.

"हसतील. नव्वद वर्षांच्या बाईकडे बघून हसू नये असं बायबलात आहे का?"

"आणि मेंढा?"

"मेंढा एका दिवसात खाऊन संपतो. अफियाला दंड मी सांगते." ती माझ्याकडे वळली. "दर दुसऱ्या मंगळवारी इथे यायचं. रिकाम्या हातानं आलीस तरी चालेल, रिकाम्या तोंडानं यायचं नाही. अकरा वर्षांत कुणाकुणाशी भांडलीस ते सगळं सांगायचं. यादी मोठी असेल."

"आहे," मी म्हणाले.

दिवस मावळायच्या आत दादानं पाय कोरला. बाटलीतला रंग मी चुलीवर कोमट केला. कापड अंगणात चटईवर पसरलं, आणि छापायच्या आधी दादानं ठसा बादूच्या हातात दिला. "पहिला तू मार. आईचं कापड आहे." बादूनं ठसा उलटा धरला. दादानं गुपचूप सुलटा करून दिला. बादूनं दाबला, उचलला, आणि शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कोंबडीचं पाऊल उमटलं, जरा तिरकं. त्यानं वाकून ते पाहिलं. मग चष्मा पुसून म्हणाला, "अजून एक मारू?" शेवटी पहिल्या चार ओळी त्यानंच केल्या. त्या चार ओळींतल्या कोंबड्या सगळ्या प्यायल्यासारख्या चढतात.

रविवारी आत्या ते कापड नेसून चर्चमध्ये शिरली तेव्हा आधी कुजबुज झाली. पुढच्या बाकावरच्या बायकांनी शिड्या पाहिल्या आणि तोंडाला हात लावले. मग एकीनं वाकून नीट पाहिलं, आणि तिच्यातून जे हसू निघालं ते मागच्या भिंतीपर्यंत गेलं. पाद्र्यानं प्रार्थना दोनदा सुरू केली. आत्या मधोमध काठी टेकून उभी, एका बाजूला बादू, दुसऱ्या बाजूला मी, आणि मी अजून त्याच गडद लाल कापडात, कारण दुसरं आणलंच नव्हतं. सगळ्यांच्या पांढऱ्यात मी एकटी मयताला आलेली. मला त्याचं काही वाटलं नाही. जेवणात मी तीनदा वाढून घेतलं.

त्यानंतर वर्षभर आमच्याकडे म्हाताऱ्या बायका यायच्या आणि हळूच विचारायच्या, ते कोंबड्यांचं आहे का? दादा वैतागायचा, कारण प्रत्येकीला चार ओळी तिरक्याच हव्या असायच्या.

दंड मी इमानानं भरला. दर दुसऱ्या मंगळवारी लॉरी, जामासी, बसकं स्टूल. पहिल्या वर्षभरात अकरा वर्षांची भांडणं सांगून संपली. मग पंधरा दिवसांची पंधरा दिवसांना सांगायला लागले. ती ऐकायची, आणि शेवटी म्हणायचीच, एवढंच बोललीस?

आत्या आणखी सहा वर्षं जगली. एका शुक्रवारी सकाळी गेली, झोपेतच. या वेळी बादू स्वतः सांगायला आला, कुळाचा विचार न करता, सगळ्यांत आधी आमच्याकडे. शनिवारी मी तिच्या दाराशी चपला काढल्या, दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तोंड उघडलं. आणि काही सुचेना. माफी मागून झाली होती. प्रेम सांगून झालं होतं. बाबांना काय निरोप द्यायचा तोही देऊन झाला होता. आत बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, न्तोन्सोची अफिया गप्प का म्हणून.

मंगळवारी मी तिच्याकडे येऊन गेले होते. त्यानंतरच्या चारच दिवसांचं सांगायचं राहिलं होतं. मी आत गेले, तिच्या शेजारी बसले, आणि बुधवारी साल विकणाऱ्या बाईनं ओली साल वाळकी म्हणून माझ्या गळ्यात कशी मारली आणि मी तिला काय काय बोलले, ते पहिल्यापासून सगळं तिला सांगितलं.